शी पॉटीत, मग पुन्हा चड्डीत: हे चक्र का फिरतं आणि कुठे तोडायचं

शू जमलेली असते. मूल सांगतं, धावत जातं, चड्डी स्वतः खाली ओढतं. शीपाशी मात्र घोडं अडतं. आठवडाभर सगळं सुरळीत, पॉटीत शी, घरभर टाळ्या, आणि मग एक दिवस पडद्यामागे जाऊन चड्डीत. पुढचे दोन-तीन दिवस काहीच नाही. त्यानंतर चड्डीला डाग, तेही दिवसातून चार-चार वेळा. रागावून होतं, चॉकलेट दाखवून होतं, कंटाळून परत डायपर लावून होतो, आणि महिन्याभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी इंदूरला पाळणाघर चालवते. लोकमान्य नगर, सुदामा नगर या बाजूची दीड ते चार वर्षांची मुलं आमच्याकडे असतात, त्यातली बरीच मराठी घरांतली. संध्याकाळी न्यायला आलेली आई चपला घालता घालता, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात जे विचारते, ते बहुतेक वेळा हेच असतं. दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

शी पुन्हा पुन्हा चड्डीत होत असेल तर सवयीचं नंतर बघा. आधी शी मऊ आहे का ते बघा. कडक शी होणाऱ्या मुलाला कितीही प्रेमाने पॉटीवर बसवलं तरी ते आठ दिवसांपलीकडे टिकत नाही, कारण त्याला तिथे दुखतं.

होतं असं की कधीतरी एकदा शी कडक होते. ताप येऊन गेल्यावर, प्रवासात, मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी गेलं म्हणून, किंवा अंगावरचं दूध सुटून वरचं दूध भरपूर सुरू झालं म्हणून. ती बाहेर येताना दुखतं, कधी शीच्या जागेच्या कडेला बारीक चीर पडते. दोन-अडीच वर्षांच्या जिवाला त्यातून एवढंच कळतं की शी केली की दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की मूल आवळून धरतं आणि कळ निघून जाते. शी आतच राहते. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, त्यामुळे जितका वेळ ती आत राहील तितकी वाळते आणि मोठी होते. मग जास्त दुखतं, मग मूल जास्त धरतं. असं काही आठवडे चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल पडतो आणि तो भरल्याची जाणीव बोथट होते. पुढे अडकलेल्या कडक गोळ्याच्या कडेने मागची पातळ शी झिरपायला लागते. चड्डीचे डाग ते हेच. मुलाला ती आलेली खरोखरच कळत नाही, म्हणून "सांगायला काय झालं होतं?" याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

हे माझ्या मनचं नाही. शीसाठी पॉटीवर बसायला नकार देणाऱ्या मुलांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४८२ मुलांपैकी २२ टक्के मुलांनी निदान महिनाभर असा नकार दिला होता. म्हणजे साधारण दर पाचात एक. तुमचं मूल जगावेगळं नाही. २००४ च्या पुढच्या पाहणीत हेही दिसलं की ज्यांच्यात कडक शी आणि नकार हे दोन्ही होतं, त्यांतल्या बहुतेकांना कडक शीचा त्रास आधी सुरू झाला होता आणि नकार नंतर आला. आपण घरात नेमकं उलटं धरून चालतो: हट्टाने बसत नाही, म्हणून शी कडक होते.

मूल जोर करतंय की धरून ठेवतंय?

इथे भल्याभल्यांची फसगत होते. आमच्याकडचा एक पावणेतीन वर्षांचा मुलगा खेळता खेळता एकदम गप्प व्हायचा. दिवाणाच्या कडेला जाऊन दोन्ही हातांनी गादी घट्ट पकडायचा, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहायचा, पाय एकमेकांवर घट्ट, ढुंगण आवळलेलं, चेहरा लालबुंद, डोळे कुठेतरी शून्यात. अर्ध्या मिनिटाने सैल पडायचा आणि परत गाडी घेऊन खेळायला लागायचा. त्याची आजी सांगायची, "बघा ना, किती जोर लावतो बिचारा, तरी होत नाही." मूल शी करताना गुडघे वाकवतं, खाली बसतं, उकिडवं होतं. ताठ उभं राहून पाय जुळवतं तेव्हा ते शी बाहेर ढकलत नसतं, आत ढकलत असतं. हा फरक दोन-तीन दिवस नीट पाहिलात तर पुढचं निम्मं काम झालं.

बाकी खुणा: आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी, लेंड्या पडणं किंवा एवढ्याशा मुलाच्या मानाने दांडगी जाड शी, ती झाल्यावर एकदम भूक लागणं आणि खुलणं, पोट फुगलेलं, जेवायला कुरकुर. रोज शी होणारं मूलही आतून भरलेलं असू शकतं, कारण रोज थोडीशीच बाहेर पडते. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे जमलेली शू पुन्हा चड्डीत व्हायला लागते आणि लघवीत जंतुसंसर्गही होऊ शकतो. शू आणि शी दोन्ही एकदम बिघडली असेल तर शीकडे आधी बघा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात लिहा: शी झाली का, कडक की मऊ, डाग पडले का. दोन आठवड्यांची ही नोंद डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांना विचारपूस करायला फारसं उरत नाही. "अधूनमधून होतं हो" यातून त्यांनी काय समजायचं?

सगळ्यात घातक गैरसमज

डाग पातळ असतात, वास येतो, दिवसातून अनेकदा होतात. साहजिकच घरात ठरतं, "अगं, जुलाब होताहेत त्याला. दूध-फळं बंद कर, मऊ भात आणि केळं दे, आणि ते पोट साफ होण्याचं औषध कशाला चालू ठेवलंयस?" औषध बंद होतं. एखाद्या घरी जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. आतला गोळा आणखी घट्ट बसतो. महिन्याभराने आई म्हणते, औषधाचा काही उपयोग झाला नाही. चार-पाच दिवस नीट शी झालेली नाही आणि अचानक पातळ डाग सुरू झाले, तर तो जुलाब नसून कडेने झिरपणं असण्याची शक्यता जास्त. औषध थांबवण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा, ते पोट तपासून सांगतील.

घरगुती उपायांतले काही कटाक्षाने टाळा. साबणाची कांडी सारणं अजूनही काही घरांत चालतं. आतलं नाजूक अस्तर त्याने चुरचुरतं, आणि आधीच घाबरलेल्या मुलाच्या मनात त्या जागेची आणखी धास्ती बसते. ग्लिसरीनची कांडी आणि एनिमाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. एरंडेल नको. इसबगोल एवढ्या लहान मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नका, पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं.

औषध: इथेच बहुतेकांची गाडी घसरते

बालरोगतज्ज्ञ सहसा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप देतात. दोन्ही शीमध्ये पाणी धरून ठेवतात आणि ती मऊ राखतात. आतड्याला त्यांची सवय लागते ही भीती जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते, पण ही औषधं आतड्याला चाबूक मारून पळवणारी नाहीत. आधी आत साठलेलं रिकामं करावं लागतं, त्यासाठी सुरुवातीचे काही दिवस मात्रा मोठी असते. ती मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून शेजारच्या मुलाची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. त्यानंतर रोजची मात्रा सुरू होते.

ही रोजची मात्रा किती दिवस? बहुतेक घरांत बाटली संपेपर्यंत, किंवा दोनदा चांगली शी झाली की बंद. बालपोटविकारतज्ज्ञांच्या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संघटनांनी २०१४ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान दोन महिने द्या, सगळा त्रास थांबून किमान एक महिना होऊ द्या, मग हळूहळू कमी करा. आणि त्यात आपल्या कामाचं एक वाक्य आहे: मूल पॉटी शिकण्याच्या वयात असेल तर ते शिकणं पूर्ण झाल्यावरच औषध थांबवा. ताणून सैल पडलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि दुखणार नाही हा विश्वास मुलाच्या मनात बसायला त्याहून जास्त. दोन आठवड्यांत औषध बंद केलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक कडक शी होते आणि सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. "पुन्हा पुन्हा होतं" याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पिकल्या केळ्याइतकी मऊ शी, रोज किंवा दिवसाआड, न रडता होते आहे, तोवर मात्रा योग्य आहे असं समजा. एकदम पाण्यासारखी झाली तर डॉक्टरांना विचारून थोडी कमी करा, बंद करू नका.

मुलांच्या बद्धकोष्ठतेत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा कुठलाही आजार नसतो, हे धरून ठेवण्याचंच चक्र असतं. तरीही काही गोष्टी दिसल्या तर घरी वाट बघायची नाही. जन्मल्यावर पहिली काळी शी अठ्ठेचाळीस तासांत झाली नव्हती, किंवा अगदी पहिल्या महिन्यापासून हा त्रास आहे. पोट टम्म फुगून उलट्या, त्यातही हिरव्या. वजन वाढत नाही. पायांत जोर कमी वाटतो, किंवा कमरेच्या खाली माकडहाडाशी खळगा वा केसांचा पुंजका दिसतो. शीवर चिरेमुळे दिसणाऱ्या एखाद्या लाल रेघेपेक्षा जास्त रक्त. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

बसवायचं कधी, कसं

शी मऊ व्हायला लागून आठ-दहा दिवस जाऊ द्या. तोवर पॉटीचा विषयच काढू नका. चड्डीत झाली तर झाली, धुवा आणि पुढे चला. आमच्या भागात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे चड्ड्यांचा ढीग बघून आईचा जीव मेटाकुटीला येतो हे मला दिसतं. तेवढ्या दिवसांपुरता डायपर लावलात तरी बिघडत नाही. (वापरलेला डायपर नीट गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कचऱ्याच्या कप्प्यात टाका, ओल्या कचऱ्यात नको.)

जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करायला लागतं. म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवायचं, पाच मिनिटं, फार तर दहा. पाय हवेत लोंबकळता कामा नयेत. आजी मुलाला स्वतःच्या दोन पावलांवर बसवायची, ती पद्धत शरीराच्या दृष्टीने अगदी बरोबर होती: गुडघे कमरेच्या वर, पाय टेकलेले, पाठीला आधार आणि माणसाची ऊब. रामबागेकडच्या जुन्या घरांत देशी संडास असतो, तिथेही ही बैठक आपसूक मिळते. बायपासकडच्या नव्या फ्लॅटमध्ये मात्र नुसतं कमोड असतं. त्यावर लहान सीट टाकून मुलाला बसवतो, आणि पाय अधांतरी. अशा बसण्यात मोठ्यांनाही नीट जोर करता येत नाही. पायाखाली स्वयंपाकघरातला पाट किंवा न्हाणीतलं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, गुडघे वर यायला हवेत. जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी सगळ्यात सोयीची.

बसल्यावर फुगा किंवा पिपाणी फुंकायला द्या. फुंकताना पोटावर आपोआप दाब येतो. "आली का? झाली का? कर ना!" हे मात्र पूर्ण बंद. मोबाइलही नको, त्यात रमलं की कळ विसरतं. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको. बसणं मुलाच्या हातात आहे, शी येणं नाही.

आणि जेट स्प्रे. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं गार पाणी चिरेवर जोरात बसलं की मूल किंचाळतं, आणि दुसऱ्या दिवशी संडासाच्या दारातच पाय रोवतं. घरच्यांना वाटतं पॉटीला घाबरतं. ते जेटला घाबरत असतं. तांब्यात कोमट पाणी घेऊन हळू धुवा, टिपून घ्या, बसायच्या आधी थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. फ्लशचा आवाजही काहींना सोसत नाही, तो मूल बाहेर गेल्यावर ओढा.

फक्त डायपर मागणारी मुलं

काही मुलं दिवसभर चड्डीत असतात आणि शी आली की स्वतः डायपर आणून देतात. हे चांगलं लक्षण आहे, कळ कळते आहे आणि मूल धरून ठेवत नाही. डायपर नाकारलात तर धरून ठेवायला लागेल. तेव्हा द्या, पण जागा बदलत न्या. आधी डायपरमध्येच पण न्हाणीत उभं राहून. ते अंगवळणी पडलं की डायपर घालून पॉटीवर बसून. मग डायपर सैल. मग नुसता पॉटीत अंथरलेला. प्रत्येक पायरीला काही दिवस लागतात आणि मूल मागे गेलं तर आपणही एक पायरी मागे जायचं. आमच्याकडे एका मुलीने अंथरलेल्या डायपरचा तुकडा दर वेळी आईकडून लहान लहान कापून घेतला, शेवटी रुमालाएवढा उरला, मग तोही नको म्हणाली.

खाणं

खाण्याने एकट्याने हे चक्र तुटत नाही, पण खाणं बिघडलेलं असेल तर औषधही पुरं पडत नाही. पहिलं दूध मोजा. दिवसाला ५०० मिलीच्या वर दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून आई आणखी एक बाटली देते. बाटली सोडवून पेल्यावर आणलं की दूध बहुतेक आपोआप कमी होतं. दुसरं म्हणजे आपली इंदुरी चव. सकाळी पोहे, त्यावर मूठभर शेव, मधल्या वेळी टोस्ट नाहीतर बिस्किट, संध्याकाळी परत शेव-परमल (परमल म्हणजे कुरमुरे). चोथा यात जवळजवळ नाहीच. पोह्यांत मटार, गाजर घाला, शेव चिमूटभर. भुट्ट्याचा कीस मुलं आवडीने खातात. पपई, पेरूचा मऊ गर, सालासकट नाशपती, भिजवून कुस्करलेले मनुके किंवा अंजीर, डाळीत पालेभाजी, गव्हाच्या पोळीबरोबर कधी ज्वारीची भाकरी. पाणी एकदम पेलाभर पीत नाहीत, म्हणून छोटा पेला हाताशी ठेवून दर खेळानंतर दोन-चार घोट. उन्हाळ्यात ताक आणि पन्हं आहेच.

शाळा

अडीच-तीन वर्षांच्या प्रवेशाला बऱ्याच प्ले स्कूल "पॉटी ट्रेन्ड असावं" अशी अट घालतात आणि मार्चपासून घरात घाई सुटते. या घाईत धरून ठेवणारी मुलं हमखास वाढतात. एका शाळेत मुलांना ठरलेल्या सुट्टीतच संडासला सोडत, तिथून आमच्याकडे येणारी दोन मुलं दुपारी पोट धरूनच यायची. शाळेच्या ताईंना आधीच भेटा, चिठ्ठी द्या: याला शीचा त्रास आहे, औषध चालू आहे, हात वर केला की लगेच सोडा, डाग पडला तर वर्गात बोलू नका, दप्तरात दोन चड्ड्या आणि पिशवी आहे. बहुतेक ताई समजून घेतात, त्यांनाही ही मुलं रोज दिसतात. रात्रीची शू हा वेगळा विषय. ती पाच वर्षांपर्यंत झाली तरी त्याला त्रास म्हणत नाहीत, त्याची यात गल्लत करू नका.

पुन्हा बिघडलं तर

बिघडतं. धाकटं भावंड येतं, ताप येतो, लग्नासाठी रात्रीच्या स्लीपर बसने पुण्याला जाणं होतं आणि तीन दिवस शी होत नाही. अशा वेळी मुलाला पहिल्यापासून शिकवायला बसू नका, ते विसरलेलं नसतं. औषध बंद केलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी परत सुरू करा, कमी केलेलं असेल तर आधीच्या मात्रेवर न्या. बंद करतानाच त्यांच्याकडून लिहून घ्या की पुन्हा कडक झाली तर किती द्यायचं, म्हणजे परगावी धावाधाव होत नाही. नाश्त्यानंतरची पाच मिनिटं पाहुण्यांच्या घरीही चुकवू नका. पायाखाली ठेवायला एक पाट मागून घ्या, पाट नसेल तर सूटकेस आडवी ठेवली तरी चालते.